९० अंश केबलचे, टर्मिनलचे नव्हेत

वारज्यात माळवाडीच्या जुन्या सोसायट्या असोत की महामार्गालगतच्या नव्या इमारती, घरोघरी एसी आले, पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर आले आणि ट्रान्सफॉर्मरपासून मीटर रूमपर्यंतची मुख्य केबल अपुरी पडू लागली. ती बदलायची ठरली की कंत्राटदाराकडून हमखास ऐकू येते : "एक्सएलपीई आहे साहेब, ९० डिग्रीची. २४० स्क्वेअरची ॲल्युमिनियम टाकू, ४०० अँपिअर आरामात जातील." कमिटी मान डोलावते. हे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते खोडून काढणे गरजेचे आहे.

एक्सएलपीईचे इन्सुलेशन ९० अंशांवर कायम टिकते, पीव्हीसीचे ७० वर. ४० अंशांच्या मोकळ्या हवेत या केबलला कोष्टकात ४०० च्या आसपास अँपिअर मिळतातही. पण तो आकडा इन्सुलेशनपुरता आहे. केबल जिथे संपते तिथे लग, बोल्ट आणि एमसीसीबी (ब्रेकर) असतो, आणि त्यांचा विचार त्या कोष्टकात नाही. शिवाय पीव्हीसीच्या तुलनेत करंट सव्वापट मिळवताना दर मीटरची उष्णता सुमारे १.६७ पट होते.

जाणकार इंजिनीअर इथे अडवतील : एमसीसीबीच्या मानकात टर्मिनलला ८० अंशांची वाढ चालते, मग केबलचा करंट ९० ऐवजी ७० अंशांच्याच हिशेबाने धरण्याचा आग्रह कशाला? आक्षेप वजनदार आहे. मात्र ती चाचणी कशी होते तेही पाहावे. आयईसी ६०९४७ प्रमाणे ४०० अँपिअरला २४० स्क्वेअरची, पीव्हीसी इन्सुलेशनची तांब्याची वायर जोडतात. ती टर्मिनलची उष्णता बाहेर ओढून नेते. तिचा रोध किलोमीटरला ०.०७५४ ओहम, त्याच मापाच्या ॲल्युमिनियमचा ०.१२५. म्हणजे आपण जोडतो ती केबल चाचणीतल्या वायरपेक्षा दीडपटीहून जास्त तापते आणि उष्णता ओढून नेण्याऐवजी टर्मिनलकडेच ढकलते. मग थर्मल ट्रिप अवेळी होते आणि वायरमन सेटिंग वाढवून मोकळा होतो. ते तर याहून वाईट.

"इतकी वर्षे काही झाले नाही" हा युक्तिवादही टिकत नाही. इथल्याच एका पॅनलचे दार उघडले, तर मधल्या फेजची पिवळी स्लीव्ह तपकिरी पडली होती आणि लगच्या कथिलाची चमक गेली होती. ॲल्युमिनियम तापले की पोलादी बोल्टच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, दाबाखाली हळूहळू सरकते आणि त्यावर ऑक्साइड धरते. सांधा ढिला पडतो, आणखी तापतो.

आयईसी ६०३६४ मध्ये स्पष्ट सूचना आहे : कंडक्टर ७० अंशांहून जास्त तापमानाला चालवायचा असेल तर जोडलेले उपकरण ते तापमान सोसते का, याची खात्री करा. अमेरिकन कोड १०० अँपिअरच्या वर साधारणपणे ७५ अंशांचाच स्तंभ धरायला लावतो.

याचा अर्थ एक्सएलपीई नको असा नाही. एका ट्रेंचमध्ये चार केबल शेजारी टाकल्या किंवा मीटर रूम मे महिन्यात तापली, तर कपात ९० च्या आकड्यातून करावी. तिथे ती केबल आपली किंमत वसूल करते. कपातीनंतरचा आकडा ७० च्या आकड्यापेक्षा जास्त आला, तर ७० चा धरावा. २४० साठी तो सव्वातीनशेच्याही आत येतो. ४०० हवे असतील तर १८५ च्या दोन किंवा ४०० ची एक टाकावी. खर्च वाढतो हे खरे, पण तो एकदाच.

वर्क ऑर्डरमध्ये हेही लिहून घ्यावे : केबलच्या मापाचा लग आणि डाय, तांब्याच्या बसबारवर बायमेटॅलिक लग, ब्रश करून पेस्ट, टॉर्क रेंचने घट्ट केलेला बोल्ट आणि मे महिन्यात रात्री एसीचा लोड पूर्ण असताना थर्मल कॅमेऱ्याने तपासणी. तिचा अहवाल आल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये.