रोग्याला झाड दिसू द्या!

भाजलेल्या रोग्याची मलमपट्टी बदलताना उठणारा आक्रोश ज्याने एकदा ऐकला, त्याला तो जन्मभर विसरता येत नाही. मॉर्फिनसारखी जहाल औषधे देऊनही ती वेदना पुरती शमत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रोग्यांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाची आभासी सृष्टी उभी केली. डोळ्यांपुढे यंत्र लावताच रोगी हिमाच्या दरीतून तरंगत जातो आणि बर्फाचे गोळे फेकू लागतो. जखम तीच, पट्टीही तीच; परंतु वेदना कमी जाणवली, असे रोग्यांनीच सांगितले. मनाचे अवधान मर्यादित असते. ते दुसरीकडे गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी उरते, हे त्यामागील इंगित. २०२१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी आभासी दृश्यांच्या अशाच एका यंत्रास मान्यता दिली.

आता वनराई, समुद्रकिनारे आणि धबधबे दाखविणारी यंत्रे रोग्यांच्या उशाशी येऊ लागली आहेत. जेथे साधी औषधे बाहेरून विकत आणावी लागतात, तेथे हे चोचले कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, वेदना कमी करणे हा चोचला नव्हे. ते वैद्यकाचे आद्य कर्तव्य आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या जळित विभागांत हा प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अवश्य व्हावा. मात्र काहींना या यंत्राने भोवळ येते, मळमळते. आणि एकाचे यंत्र निर्जंतुक केल्याविना दुसऱ्यास लावणे म्हणजे नव्या रोगास आमंत्रणच. ते औषधाच्या जोडीला वापरावे, औषधाऐवजी नव्हे.

पण आमची खरी शंका निराळीच आहे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रोग्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहत पडलेल्या २३ रोग्यांपेक्षा सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. त्यासाठी यंत्र लागले नाही, वीजही लागली नाही. नुसते झाड पुरले!

जागा अपुरी पडली की कुऱ्हाड प्रथम झाडावर पडते, हा या शहराचा अनुभव आहे. उद्या रुग्णालयाच्या आवारातील वड तोडून तेथे मोटारी उभ्या करावयाच्या, खिडक्या बुजवून खाटा वाढवावयाच्या आणि रोग्याच्या डोळ्यांवर अरण्याचे चित्र बांधावयाचे, असा सौदा कोणी मांडला तर तो आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्याला हलता येत नाही, ज्याला संसर्गाच्या भीतीने बंद खोलीत ठेवणे भाग आहे, त्याला आभासी अरण्य जरूर द्या. परंतु ज्याची खाट खिडकीपाशी सरकविता येते, त्याची खाट आधी सरकवा! नव्या रुग्णालयाचा नकाशा मंजूर करताना प्रत्येक खाटेवरून आभाळाचा तुकडा आणि एखादी हिरवी फांदी दिसते की नाही, हे महापालिकेने पाहिलेच पाहिजे. यंत्र केव्हाही विकत घेता येते; पन्नास वर्षांचे झाड कोणत्याही निविदेने मिळत नाही.