भाव कळतो, पण मिळत नाही

लासलगावच्या आवारात कांद्याचा ट्रॅक्टर उभा करणाऱ्या शेतकऱ्याला आज पिंपळगावला काय भाव निघाला, हे खिशातला फोन सांगत असतो. तरीही बोली मनाजोगी झाली नाही म्हणून माल परत नेणारा शेतकरी विरळाच. असे का व्हावे?

माहितीच्या अभावी बाजार विस्कळीत राहतो, हा अर्थशास्त्राचा सिद्धान्त निराधार नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळातील मच्छीमारांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध केला. 1997 पासून तेथे मोबाइल आला आणि कोणत्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक आहे हे समुद्रातूनच विचारता येऊ लागले. परिणामी भावांतील तफावत घटली, मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले. मच्छीमाराचा नफा वाढला आणि ग्राहकालाही मासळी स्वस्त झाली.

परंतु होडीचे तोंड वळवता येते, म्हणूनच ती माहिती कामी आली. भरलेला ट्रॅक्टर दुसऱ्या बाजारात नेणे म्हणजे पुन्हा डिझेल, पुन्हा एक दिवस. आणि घरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. ज्याला नकार देणे परवडत नाही, त्याचा सौदा लिलाव उघड झाला तरी बरोबरीचा होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधील एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने कांद्यासाठी दिलेल्या रुपयातील सुमारे 36 पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले सारे व्यापारीच गिळतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाहतूक, घट आणि सड यांचाही त्यात वाटा आहे.

राज्य सरकारने 2016 साली फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडतीचा भार शेतकऱ्यावरून खरेदीदारावर टाकला. हेतू स्तुत्यच होता. तथापि थांबण्याची ताकद केवळ कायद्याने येत नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने तरी टिकतो; लाल कांदा तेवढा टिकत नाही. नेमका तोच बाजारात येत असता, 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने निर्यात बंद केली. मुदत 31 मार्चची सांगितली गेली. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी! शासनच आपला शब्द पाळत नसेल, तर व्यापाऱ्याने कोणत्या भरवशावर चढी बोली करावी?

चाळी, चाळीतील मालाच्या तारणावर वेळेवर कर्ज आणि हंगामापूर्वी जाहीर करून शेवटपर्यंत पाळलेले निर्यातधोरण, या तीन गोष्टींवाचून भावाचे फलक कितीही लावले तरी शेतकऱ्याच्या पदरी ते फक्त वाचण्यापुरतेच राहतील.