समजून घ्या : सोलापुरात ऊन, मग भीमेला पूर कसा?

सोलापूर : गावात पावसाचा थेंब नाही, तरी नदीकाठच्या मोटारी काढण्याच्या सूचना येतात. ‘उजनीचे दरवाजे बंद आहेत’ म्हणून अनेक जण थांबतात. तिथेच हिशेब चुकतो.

भीमेचे पाणी कुठून येते?
भीमा सह्याद्रीत भीमाशंकरला उगम पावते आणि ८६१ किलोमीटर वाहून कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पुणे जिल्ह्यात भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड तिला मिळतात. घाटात झोडपणारा पाऊस या नद्यांतून दौंडमार्गे उजनीत येतो.

उजनी किती पाणी अडवते?
धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे ‘शून्य टक्के’ असतानाही निम्म्याहून जास्त पाणी असते. दौंडला १ लाख क्युसेक विसर्ग दिवसभर टिकला, तर उजनीत सुमारे ८.६ टीएमसी भर पडते. धरण उणे असेल तर हा पूर पोटात मावतो. भरत आले असेल तर पाणी खाली सोडावेच लागते.

उजनी बंद, तरी पंढरपूरला पूर का?
कारण नीरा. भोरच्या डोंगरातून येणारी ही नदी उजनीच्या खाली, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. वीर धरणातून सुटलेले पाणी उजनीला अडवताच येत नाही. उजनीत जागा असेल तर तिथला विसर्ग कमी करून नीरेला वाट देता येते. दोन्हीकडून एकाच वेळी पाणी सुटले, तर चंद्रभागेचे वाळवंट पाण्याखाली जाते.

आणि सीना?
तिचा हिशेबच वेगळा. ती घाटातून नव्हे, अहिल्यानगरकडून येते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमेला मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या पुराने माढा, मोहोळची शेती बुडाली. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. उजनीच्या आकड्यात हा पूर दिसणे शक्यच नव्हते.

मग मोबाइलवर काय पाहावे?
भीमाकाठी तीन आकडे : दौंडचा विसर्ग, उजनीचा साठा व विसर्ग, वीरचा विसर्ग. सीनाकाठी सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी धरणांचा विसर्ग. मोटार कधी काढायची, ते गावातल्या आभाळावरून नव्हे, या आकड्यांवरून ठरते.