खोकला छावणीत मोजतात, माणमध्ये कोण मोजणार?

अग्निपथ योजनेची पहिली तुकडी जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांचा हिशेब मांडला, तर 2026 सरता सरता ही मुले घरी परतायला लागतील. त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना कायम सेवा मिळेल, बाकीची गावी येतील. त्यांच्या नोकरीची चर्चा चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. पण माण, खटाव, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात काम करताना आम्हाला आणखी एक प्रश्न पडतो. या मुलांच्या आरोग्याची नोंद त्यांच्यासोबत गावात येणार आहे का? विशेषतः श्वसनाच्या आजारांची?

श्वसनाचे संसर्ग आणि छावणी यांचे नाते जुने आहे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली मुले एका बराकीत राहतात. खाटा जवळजवळ, मेस एक, दिवसभर अंग मोडणारी मेहनत. एकाला ताप-खोकला झाला की तो बघता बघता पसरतो. म्हणूनच अनेक देशांची सैन्ये या आजारांवर कायम नजर ठेवतात. अमेरिकेत नव्या रंगरुटांना ॲडेनोव्हायरसची लस 1971 पासून दिली जात होती. उत्पादन थांबल्याने 1999 मध्ये साठा संपला आणि प्रशिक्षण तळांवर तापाच्या साथी परत आल्या. 2011 मध्ये लस पुन्हा सुरू झाली आणि साथी ओसरल्या. नियमित मोजणी होती म्हणून लस थांबल्याचा परिणाम दिसला आणि ती परत आणण्याची गरजही पटली.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. एप्रिल 2020 मध्ये आयएनएस आंग्रे या नौदल तळावर वीसहून अधिक नौसैनिक कोरोनाबाधित आढळले. बहुतेकांना लक्षणेच नव्हती. आधी बाधित ठरलेल्या एका नौसैनिकाच्या संपर्कातल्या सगळ्यांची तपासणी झाली, म्हणून ते सापडले. त्यांच्या निवासी इमारतीला लगेच टाळे लागले. शिस्त, डॉक्टर आणि चाचणी एकाच आवारात असली की हे जमते.

आवाराबाहेर काय होते, ते 1918 ने दाखवले. महायुद्धाच्या काळात सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांतून इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला, असे मानले जाते. 10 जूनला तापाने रुग्णालयात दाखल झालेल्या सात पोलीस शिपायांपैकी एकाची नेमणूक गोदीत होती. पुढे रेल्वेने ही साथ देशभर पोचली आणि एक कोटीहून अधिक माणसे गेली. मुंबईत त्या साथीतले मृत्यू समाजगटांनुसार मोजले गेले. दर हजारी युरोपियन 8.3, इतर हिंदू 18.9 आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या जाती' म्हटले जाई ते 61.6. विषाणू जात विचारत नाही, पण दाटीची खोली, अर्धपोट जेवण आणि दवाखान्याचे अंतर हे सगळे जातीने ठरत होते. हे आज पुराव्यानिशी सांगता येते, कारण तेव्हा कोणीतरी मोजले होते. जे मोजले जात नाही त्यावर हक्क सांगता येत नाही, हे आपल्या चळवळीला वेगळे शिकवायला नको.

आजची व्यवस्था कागदावर वाईट नाही. 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे आणि 2021 पासून त्याची नोंद संगणकीय मंचावर होते. उपकेंद्रातून लक्षणांची नोंद जाते, डॉक्टरांकडून संशयित रुग्णांची, प्रयोगशाळेतून खात्रीच्या निदानाची. ताप आणि खोकल्याचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढले तर नमुने घ्यायचे, अशी रीत आहे. विषाणू तपासणारी राष्ट्रीय संस्था आणि सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही पुण्यातच आहेत. पण या सगळ्याची सुरुवात होते ती कोणीतरी दवाखान्यात गेल्यावर. वाडीवरचा माणूस रोजगार बुडवून खोकल्यासाठी दवाखाना गाठत नाही, मेडिकलमधून गोळी घेतो. त्याचा खोकला कुठल्याच रकान्यात येत नाही.

सैनिकी कुटुंबे याच वाड्या-वस्त्यांवर राहतात. सातारा जिल्हा जवानांचा म्हणून ओळखला जातो आणि फौज ही आपल्या समाजाचीही जुनी वाट आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. जवान सुटीवर येतो, परत जातो. आई-वडील आणि लेकरे गावातच असतात. पेन्शनर माजी सैनिकाला 2003 पासूनच्या ईसीएचएस योजनेचा आधार आहे. मात्र ज्याची सेवा चार वर्षांत संपते, त्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. म्हणजे चार वर्षे ज्याची छाती सैन्याचे डॉक्टर तपासत होते, तो पाचव्या वर्षी त्याच वाडीवर, त्याच मेडिकलच्या दारात उभा राहणार.

यावर उपाय महागडे नाहीत. सेवा संपताना लसीकरणाची आणि श्वसनाच्या आजारांची नोंद जवानाच्या हातात मराठीत मिळावी. त्याच्या संमतीने ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही यावी. छावणीत साथ आढळली तर जिल्हा आरोग्य यंत्रणेला इशारा जावा. त्यात नावे नकोत, तुकडी नको, फक्त आजार आणि काळजी काय घ्यायची ते हवे. सुरक्षेच्या कारणाला त्यामुळे धक्का लागत नाही. आणि गावपातळीचे आकडे वस्तीनिहाय जाहीर व्हावेत, म्हणजे बौद्धवाडीत, धनगरवाड्यात, ऊसतोड मजुरांच्या पालांवर काय चालले आहे ते दिसेल.

एक सावधगिरी मात्र हवी. नजर रोगावर ठेवायची असते, माणसावर नाही. 2020 मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना अनेक गावांनी वेशीवरच अडवले. वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. सुटीवर आलेल्या जवानावर ती पाळी येऊ नये.

आपल्या विहारांतल्या अभ्यासिकांत भरतीची तयारी करणारी मुले आहेत. त्यांना धावणे आणि लेखी परीक्षा शिकवतो, तसेच आरोग्याची कागदपत्रे मागून घ्यायलाही शिकवू. पुढच्या ग्रामसभेत एक साधा प्रश्न विचारू : गेल्या महिन्यात आपल्या वस्तीत ताप-खोकल्याचे किती रुग्ण नोंदले गेले? उत्तर शून्य आले, तर काम तिथूनच सुरू करायचे आहे.