धरणे बांधली, आता होड्याही नीट बांधा

जळगावहून साठेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या लेण्यात, एक शिडाचे जहाज रंगवलेले आहे. त्या चित्रावरून नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ यांनी २०२३ मध्ये एक खरेखुरे जहाज बांधायला घेतले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या चमूने खिळे न ठोकता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ते उभे केले. नकाशा नव्हता, मापे नव्हती, होते फक्त चित्र. म्हणून प्रतिकृतीच्या चाचण्या ‘आयआयटी मद्रास’मध्ये झाल्या, तोल तपासला गेला आणि मग २१ मे २०२५ रोजी कारवारला हे जहाज ‘कौंडिण्य’ नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या जहाजासाठी देशाने एवढी काळजी घेतली, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्या लेण्यांना लागून असलेल्या खान्देशात आज रोज पाण्यावर जाणाऱ्या माणसांच्या होडीचा तोल कोणी तपासला आहे? हा प्रश्न जिल्हा नियोजनाच्या बैठकीत ऐरणीवर यायला हवा.

खान्देशातले बरेचसे खोल पाणी नवे आहे. तापीला उंच दरडी, खडकाळ पात्र आणि उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल असा प्रवाह. भोई आणि कोळी समाजाच्या होड्या अशाच नदीसाठी घडल्या. नंतर हतनूर झाले, सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज झाले, वाघूर, अक्कलपाडा झाले. नर्मदेवर सरदार सरोवर भरले आणि अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. नदीचा तलाव झाला, की पाण्याचा स्वभाव पालटतो. वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि तासाभरात अशा लाटा उठतात, की नदीतली ठेंगणी होडी त्यांच्यापुढे टिकत नाही. धरणासोबत भिंत आली, दरवाजे आले, कालवे आले. त्या पाण्यावर माणसांनी कशातून जायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडले गेले.

नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी ते स्वतःवर घेतले. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने आलीगाट आणि दादर इथल्या आदिवासी माता बाळांना घेऊन अंगणवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी एका मच्छीमाराची लहानशी होडी मागून घेतली. पोषण आहार आणि वजनकाटा त्यात ठेवून त्या १८ किलोमीटर वल्हे मारत जात राहिल्या. त्यांचे कौतुक देशभर झाले आणि ते रास्तच होते. पण सेविकेच्या हिमतीवर चालणारी सेवा ही व्यवस्था नव्हे.

त्याच्या वर्षभर आधी, १५ जानेवारी २०१९ रोजी, धडगाव तालुक्यात भुषा इथे संक्रांतीच्या दिवशी नर्मदेत बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. किमान सहा जणांचा जीव गेला. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात बुडाली, तिथेही सहा गेले. सांगलीतल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी तर पुरातून माणसांना सोडवणारीच बोट उलटली. दर वेळी ‘जास्त माणसे बसली होती’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. किती म्हणजे जास्त, हे त्या बोटीवर कुठे लिहिलेले असते?

हिशेब अवघड नाही. पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होडी घ्या. पाण्याच्या पातळीला तिचे क्षेत्रफळ साधारण सहा चौरस मीटर भरते. अशी होडी एक सेंटिमीटर खाली जायला ६० किलो वजन पुरते, म्हणजे एक माणूस बसला की काठ एका सेंटिमीटरने पाण्याजवळ येतो. रिकाम्या होडीचा काठ पाण्यापासून तीस सेंटिमीटर वर असेल आणि वीस जण बसले, तर उरतात दहा सेंटिमीटर. शांत पाण्यात ते पुरेसे वाटतात. मग वारा सुटतो, चार जण घाबरून एका बाजूला सरकतात, कोणी उठून उभे राहते, आणि खालचा काठ पाणी पितो. तळाला पाच सेंटिमीटर पाणी साचले तरी तीनेकशे किलोचे ओझे झाले. शिवाय हे ओझे जागेवर बसत नाही. होडी ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते.

इथेच रचनेचे महत्त्व कळते. होडीचा सुरुवातीचा तोल रुंदीच्या घनाने वाढतो. तीच होडी दीडऐवजी १.८ मीटर रुंद केली, तर कललेल्या होडीला सावरण्याची पाण्याची ताकद जवळपास पावणेदोन पट होते. बसायच्या फळ्या खाली घेतल्या तर आणखी फरक पडतो. दुसरी गोष्ट पत्र्याच्या होडीची. लाकडी होडी पालथी झाली तरी तरंगते, बुडणाऱ्याला धरायला काहीतरी उरते. पत्र्याची होडी पाणी भरले, की सरळ तळाला जाते. चारशे किलोच्या लोखंडी होडीत फळ्यांखाली बंद कप्पे करून अर्धा घनमीटर फोम भरला, तर पाण्याने काठोकाठ भरूनही ती बुडणार नाही. बाहेर पडलेली माणसे तिला धरून मदतीची वाट पाहू शकतील. हा खर्च होडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तरी तो टाळला जातो, कारण कोणी विचारतच नाही.

अर्थात चांगली होडी म्हणजे अभयदान नव्हे. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घ्यायला धुळ्याचे राज्य आपत्ती प्रतिसाद दल गेले होते. त्यांची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसे होती, बचावासाठीची बोट होती. प्रवाहाच्या भोवऱ्यापुढे रचनेलाही मर्यादा असते. पण संक्रांतीच्या स्नानाला किंवा बाजाराला निघालेली होडी काही अशा पाण्यात जात नाही. तिथले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, आणि म्हणूनच ते अधिक बोचतात.

कायदा नाही असेही नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला आणि जून २०२२ पासून लागू झाला. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी त्यात आहे, बिनइंजिनाच्या होड्यांसाठीही वेगळे प्रकरण आहे. अडचण अंतराची आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाचा कारभार प्रामुख्याने किनाऱ्यावर चालतो. धडगावच्या नावाड्याने तपासणीसाठी कोणाकडे जायचे? तो बिचारा पोटासाठी होडी हाकतो. त्याला दंडाचा धाक दाखवून काही साधणार नाही, त्याच्या हाती चांगली होडी द्यावी लागेल.

आणि ती खान्देशातच बनू शकते. जळगावची औद्योगिक वसाहत पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटयांसाठी ओळखली जाते. ज्या पॉलिथिलीनचे, म्हणजे एचडीपीईचे, पाइप इथे बनतात आणि शेतात वितळवून जोडले जातात, त्याच पॉलिथिलीनच्या कामाच्या बोटी नॉर्वेत मत्स्यशेतीसाठी वापरतात. हे प्लॅस्टिक गंजत नाही, खडकावर आपटले तरी सहसा तडकत नाही आणि मुळातच पाण्यापेक्षा हलके असते. दोन जाड बंद पाइप, वर रुंद फळी आणि कठडा, अशी साधी जोडहोडी बांधायला जहाजबांधणीचा कारखाना लागत नाही. लागतात ते पाइप जोडणारे कसबी हात आणि मापे नीट काढणारा अभियंता. जळगाव, धुळे आणि शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा प्रकल्प अंगावर घ्यावा. मात्र आराखडा काढताना हतनूरच्या मच्छीमाराला आणि नर्मदाकाठच्या नावाड्याला शेजारी बसवावे. वारा कुठून उठतो आणि काठावर होडी कशी लावतात, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत?

तोवर जुन्या होड्यांची चाचणी तरी करता येईल. वाळूची प्रत्येकी ६० किलोची पोती होडीत एकेक करून ठेवायची. मग ती सारी एका बाजूला सरकवायची आणि खालचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजायचे. वीतभर तरी वर राहील इतकीच माणसे त्या होडीत बसावीत. तो आकडा आणि पाण्याची रेघ लाल रंगाने बाहेरच्या अंगाला रंगवून टाकायची, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही रेघ बुडालेली दिसेल. तराजू, वाळू, रंगाचा डबा आणि एक दिवस, एवढाच हा खर्च आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक प्रवासी होडीची ही चाचणी करवून घ्यावी, आणि जिल्हा नियोजन समित्यांनी पुढच्या वर्षाच्या आराखड्यात नव्या होड्यांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी.