आधी फुलराणी, मग श्याम

परदेशातल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना काय वाचायला द्यायचं यावर दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी ‘श्यामची आई’ जिंकते. मी धुळ्याचा, ती लिहिणारे साने गुरुजी जवळच्या अमळनेरला शिक्षक होते, म्हणून या निकालाने माझी कॉलर ताठच होते. तरी यंदा माझं मत विरोधात आहे. अमळनेरच्याच जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावी १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांची ‘फुलराणी’ ही कविता आधी द्या.

१९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात, मिसरूड फुटायच्या वयात, ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ मध्ये भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. फुलराणी मात्र अजून नवरीच आहे.

एका कळीचं सूर्यकिरणाशी लग्न, एवढीच गोष्ट. पण थाट बघा: वाङ्‌निश्चयाला चंडोल आभाळात जातो, वारा सनई वाजवतो, झरे पखवाजावर बसतात आणि अंतरपाट असतो दवाचा. मागे वर्गात इथवर आलो, तर नऊ वर्षांची एक मुलगी थबकली. मामाच्या लग्नात तिने अंतरपाट पाहिला होता. क्षणभर विचार करून म्हणाली, “म्हणजे ऊन आलं आणि दव वाळलं!” मी काही समजावलं नव्हतं.

‘भाषा जड आहे’ हा आक्षेप मला मान्य आहे. पण हॅरी पॉटरमधले लॅटिन वळणाचे मंत्र हीच मुलं न अडखळता म्हणतात. अडतं ते शब्दांपाशी नाही, तात्पर्यापाशी. प्रत्येक गोष्टीत बोध शोधणारी सरदारीण ‘अ‍ॅलिस’मध्ये आहे, लुईस कॅरलने १८६५ मध्येच तिची टर उडवली. परदेशात मराठी शिकवताना आपणही तिच्यासारखेच वागतो: संस्कार आधी, गंमत उरली तर. फुलराणी काहीच शिकवत नाही, म्हणून शंभर वर्षांनंतरही मूल तिच्याकडे आपणहून येतं. श्यामचे अश्रू समजायला भाषेचा लळा लागावा लागतो, आणि तो लळा लावते ही.

तेव्हा यंदाच्या गणेशोत्सवात फॅन्सी ड्रेस राहू द्या. मुलांना हे लग्न लावू द्या. कुणी चंडोल होईल, कुणी वारा. आपण मोठ्यांनी फक्त अक्षता टाकायच्या आणि तात्पर्य विचारायचं नाही.