रात्री काय दिसलं, हे आयाला विचारा

बाळकुममध्ये 2020 साली एक हजाराहून अधिक खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. नर्स, वॉर्डबॉय, आया यांना त्या वर्षी आपण योद्धे म्हणत होतो. आज ठाण्यातल्या वृद्धाश्रमांत, रुग्णसेवा केंद्रांत आणि टॉवरमधल्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा हीच मंडळी करतात, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. राबोडी-मुंब्र्याच्या आपल्या मुलीही त्यांत आहेत. पगाराखालोखाल काय बोचतं, हे त्यांना विचारून पाहा. सोबतच्यांचं बोलणं. "ए मावशी, तुझं काम डायपर बदलायचं, तेवढंच कर." तेही पेशंटसमोर. (मावशी म्हणण्यात वाईट काही नाही, त्याआधीचं 'ए' वाईट.)

हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न नाही. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलते आया. माकडहाडापाशी कातडी लाल झालेली पहिल्यांदा दिसते तिलाच. सकाळी पाळी बदलताना सिस्टरने तिला एकदा झिडकारलं, तर पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. तिथे जखम होते आणि नोंदवहीत सगळं ठीक असतं.

2013 चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. तो कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या बाईलाही लागू होतो, आणि कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, एवढं आपल्या मुलींना माहीत हवंच. पण रोजच्या पाणउताऱ्याची दाद कुठे मागायची? ब्युरोकडे तोंड उघडलं तर ड्युटीच जायची भीती.

"तुमचे लोक" असं कुणी आपल्या नर्सला म्हटलं की आपण खवळतो. खवळायलाच हवं. पण तीच नर्स इन्चार्ज झाल्यावर सफाईवाल्या बाईचा चहाचा कप वेगळा ठेवते, तेव्हा आपण गप्प का? एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, असं सूरह हुजुरातमध्ये बजावलं आहे. त्यात हुद्द्याची सवलत नाही. हजरत अनस यांनी प्रेषितांची (स.) दहा वर्षं सेवा केली, त्यांना एकदाही 'उफ्' ऐकावं लागलं नाही. जुम्म्याच्या बयानात ही हदीस आपण माना डोलवत ऐकतो आणि शनिवारी ड्युटीवर जातो.

आपल्यापैकी जे आज इन्चार्ज आहेत त्यांनी पाळी बदलताना आयाला नावाने, ताई लावून हाक मारावी, रात्री काय दिसलं ते विचारावं आणि तिचं उत्तर तिच्या नावासह वहीत लिहावं. त्यासाठी मॅनेजमेंटची परवानगी लागत नाही.